ट्रान्सफरच्या दिवशीचे संगीत नेमके कुणासाठी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय 34 आहे, पहिले ट्रान्सफर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्याची प्रक्रिया, अयशस्वी ठरले, त्या दिवशी टेबलावर तुमचे पाय काही केल्या थरथरायचे थांबत नव्हते, आणि आता पुढील महिन्यात गोठवून ठेवलेल्या भ्रूणाचे ट्रान्सफर ठरले आहे. नणंदेने ‘गर्भ रुजवणाऱ्या’ रागांची एक यादी पाठवली आहे आणि त्यांपैकी कोणता राग, किती वेळ व कधी ऐकावा, असे तुम्ही विचारले आहे. परंतु प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, तुम्ही आणखी एक वाक्य लिहिले आहे : मागच्या वेळी मी इतकी घाबरले नसते तर कदाचित राहिले असते. पुण्यातील एका वंध्यत्व-उपचार केंद्रात मी 17 वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे खरा प्रश्न हा शेवटचाच असतो. म्हणून आधी त्याचे उत्तर देते आणि मग संगीताकडे वळते, कारण तो सल मनात ठेवून ऐकलेले संगीत चिंता कमी करण्याऐवजी वाढवते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

टेबलावर थरथरतात ते पायांचे स्नायू. ते मज्जासंस्थेच्या ज्या यंत्रणेवर चालतात ती वेगळी आणि गर्भाशयाचे स्नायू ज्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली असतात ती व्यवस्था वेगळी. ऑपरेशन थिएटरमधील (ओटीतील) एसीची थंडी, सोनोग्राफीसाठी मुद्दाम भरून ठेवलेले मूत्राशय, अवघडून वर ठेवलेले पाय आणि भीतीने रक्तात उतरलेले अ‍ॅड्रेनलिन, एवढी कारणे एकत्र आल्यावर पाय थरथरले नाहीत तरच नवल. भ्रूण एका मऊ, बारीक नळीतून द्रवाच्या अगदी लहानशा थेंबासोबत आत सोडले जाते आणि गर्भाशयाच्या एकमेकींना टेकलेल्या भिंतींमध्ये ते राहते. थरथरण्याने, उठून बसण्याने किंवा लघवीला जाण्याने ते बाहेर पडत नाही. भ्रूण न रुजण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते, आणि तो दोष तुम्ही टेबलावर चढण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो.

मनःस्थितीचा परिणाम होतो की नाही, यावर संशोधकांनी पुष्कळ काम केले आहे. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांतील 3583 स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वीचा भावनिक ताण आणि त्या चक्रातील गर्भधारणा यांचा संबंध त्यात आढळला नाही. प्रामाणिकपणासाठी हेही सांगायला हवे, की त्याच वर्षी अधिक अभ्यास एकत्र करून केलेल्या दुसऱ्या एका विश्लेषणात संबंध आढळला, परंतु तो अल्प होता. म्हणजे ‘ताणाचा काडीमात्रही परिणाम होत नाही’ असे शपथेवर सांगण्याच्या स्थितीत कुणी नाही. पण ‘तू घाबरलीस म्हणून गेले’ असे म्हणण्याला मात्र अजिबात आधार नाही. हे वाक्य तुम्हाला घरात कुणी ऐकवले असेल, तर वरचा परिच्छेद त्यांना जरूर वाचून दाखवा.

आता संगीताचा विषय. संगीताने चिंता कमी होते का? होते, आणि त्याला बऱ्यापैकी पुरावा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा, वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2013 साली घेतलेला आढावा 26 चाचण्या आणि 2051 रुग्णांचा होता. चिंता मोजण्याच्या, 20 ते 80 गुणांच्या एका प्रचलित प्रश्नावलीवर संगीत ऐकणाऱ्यांचे गुण सरासरी पावणेसहाच्या आसपास कमी भरले. हा फरक चमत्कार वाटावा इतका मोठा नाही, पण कोणताही दुष्परिणाम नसलेल्या आणि जवळजवळ फुकट मिळणाऱ्या उपायासाठी तो पुष्कळ आहे. तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा अभ्यास 2014 साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. त्यात भ्रूण-ट्रान्सफरसाठी आलेल्या 181 स्त्रियांपैकी काहींसाठी प्रत्यक्ष हार्पवादन ठेवण्यात आले होते. वादन ऐकणाऱ्यांची त्या वेळची चिंता अधिक उतरली. गर्भधारणेच्या प्रमाणात मात्र नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. माझा स्वतःचा अनुभव या दोन्ही निष्कर्षांशी जुळतो. संगीत त्या अर्ध्या तासासाठी आहे, निकालासाठी नाही. ते तुमच्यासाठी आहे, भ्रूणासाठी नाही. बार्सिलोनातील एका केंद्राने प्रयोगशाळेतील इन्क्युबेटरमध्ये भ्रूणांनाच संगीत ऐकवण्याचा प्रयोग केला आणि त्याला प्रसिद्धीही भरपूर मिळाली, पण तुमच्या खोलीतील बासरी तुमच्या पोटात काही घडवून आणील, असे त्यातून सिद्ध होत नाही.

नणंदेच्या यादीबद्दल बोलायचे, तर अमुक राग गर्भ रुजवतो या विधानाला वैद्यकीय आधार नाही. यमन किंवा भूप ऐकून तुम्हाला बरे वाटत असेल तर अवश्य ऐका; पण रोज सकाळी 40 मिनिटे अमुकच राग, तोही पूर्वेकडे तोंड करून, असे त्याचे व्रत झाले, की एखादा दिवस चुकल्यावर त्याचीही टोचणी लागते. या उपचारात गोळ्यांच्या वेळा, इंजेक्शने, सोनोग्राफीच्या तारखा आणि रजेचे अर्ज एवढी कामे आधीच आहेत. त्यांत संगीताची भर कामाच्या रूपात पडू नये. नणंदेशी वाद घालण्याचे मात्र कारण नाही. बहुतेक वेळा अशी यादी मायेपोटीच पाठवलेली असते आणि ‘यांतला एक राग आवडला’ एवढे कळवले तरी पुरते.

कोणते संगीत, याचे एकच उत्तर देता येत नाही. ते तुमच्या आठवणींवर अवलंबून आहे आणि हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत ओटीत काय वाजवायचे ते मीच ठरवत असे. शांत म्हणून बासरीची एक ध्वनिफीत निवडली होती आणि दोन-तीन महिने मी त्यावर खूश होते. मग एका रुग्णाने टेबलावरूनच सिस्टरना ती बंद करायला सांगितले. तिच्या सासऱ्यांच्या दहाव्याला दिवसभर घरात तीच लावलेली होती. त्या दिवसापासून निवड आम्ही रुग्णावर सोडली. कुणी अभंग निवडतात, कुणी जुनी हिंदी चित्रपटगीते, आणि सोलापूरकडच्या एका बाईंनी ठसकेबाज लावण्या निवडल्या तेव्हा आमचे भूलतज्ज्ञ भुवया उंचावून माझ्याकडे पाहत राहिले. पण मॉनिटरवरची त्या बाईंची नाडी खाली येत गेली. लातूरच्या एका मुलीने आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलमध्ये भरून आणल्या होत्या. त्यांत लेकराबाळांच्या ओव्या पुष्कळ असतात, हे आईला आठवले म्हणून तिने फक्त विठ्ठलाच्याच गायल्या होत्या. इतकी समजूत मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

तरीही निवडताना काही गोष्टी पाहाव्यात असे मी सांगते. मिनिटाला साधारण 60 ते 80 ठोक्यांची संथ लय, अचानक न चढणारा आवाज आणि ओळखीची चाल या गोष्टी बहुतेकांना मानवतात. ओळखीची चाल यासाठी, की पुढे काय येणार हे मनाला ठाऊक असते आणि ज्या खोलीत पुढच्या क्षणी काय होईल ते ठाऊक नसते, तिथे तेवढाच आधार मिळतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना मी एक गोष्ट हमखास सांगते, कारण तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही : सतार किंवा सरोदचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आलापाने सुरू होते, मग जोड आणि शेवटी ‘झाला’ हा द्रुत लयीचा भाग येतो, म्हणजे ते सतत वेग घेत जाते. प्रतीक्षाकक्षात आलाप सुरू केला तर तुम्ही टेबलावर पोहोचेपर्यंत ‘झाला’ सुरू झालेला असतो आणि त्या लयीबरोबर तुमचा श्वासही वाढतो. फक्त आलापाचा भाग वेगळा काढून ठेवावा. नुसता तानपुराही चांगला. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही आणि मध्येच थांबवला तरी काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही. शब्द असलेली गाणी घ्यायची असतील तर ती शेवटपर्यंत एकदा लक्ष देऊन ऐकून पाहावीत. अंगाई, डोहाळे, बाळाचे उल्लेख अशा ओळी चौथ्या कडव्यात दबा धरून बसलेल्या असतात.

आणि आता माझा जो सल्ला ऐकून बहुतेक जणी चकित होतात तो. आपले सर्वांत लाडके गाणे ट्रान्सफरच्या दिवशी वापरू नका. सुगंधाप्रमाणेच सुरांनाही प्रसंग चिकटतात. एका जोडप्याने लग्नाआधीपासूनचे ‘आपले’ गाणे ओटीत लावून घेतले होते. ते ट्रान्सफर अयशस्वी झाले आणि नंतर दोन वर्षे गाडीत ते गाणे लागले, की नवरा निमूटपणे रेडिओ बंद करत असे. उपचार यशस्वी होईलच याची हमी कुणालाही देता येत नाही, म्हणून ज्या गाण्यावर तुमचे आयुष्यभराचे प्रेम आहे ते या व्यवहारापासून दूर, सुखरूप ठेवा. त्याऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवडीचे काही निवडा. तुमचे मागचे ट्रान्सफर झाले तेव्हा कानावर काही पडत होते का, हेही आठवून पाहा. पडत असेल तर ते या वेळी टाळा.

निवडलेले संगीत त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले तर त्याचा उपयोग निम्माच होतो. तुमच्या हातात महिना आहे. रोज एकदा, शक्यतो एकाच वेळी, 15 मिनिटे ते ऐका आणि त्यासोबत श्वास संथ ठेवा : नाकाने घ्यायचा आणि घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावायचा. सुरांची आणि सैल पडलेल्या शरीराची अशी जोडी जमू द्या. गोठवलेल्या भ्रूणाच्या चक्रात अनेक जणींना ट्रान्सफरच्या आधीपासून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे तेलातले इंजेक्शन रोज कमरेखाली घ्यावे लागते. ते चांगलेच दुखते. तुम्हाला ते दिले जाणार असेल तर हा सराव त्याच वेळेला जोडू नका, नाहीतर सूर ऐकताच कंबर ताठ होईल. इंजेक्शनच्या वेळी हवे तर काहीतरी दणदणीत लावा. तिथे शांती नको, लक्ष दुसरीकडे जाणे पुरे.

ट्रान्सफरच्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. संगीताची खरी गरज टेबलावर असते असे सर्वांना वाटते, परंतु ट्रान्सफर स्वतः पाच-दहा मिनिटांचे असते आणि त्याला बहुधा भूल लागत नाही. माणूस खचतो तो त्याआधीच्या प्रतीक्षेत. मूत्राशय भरलेले असते, आधीच्या रुग्णाला वेळ लागलेला असतो, गोठवलेले भ्रूण नीट वितळले की नाही याचा निरोप यायचा असतो आणि समोरच्या टीव्हीवर एखाद्या मालिकेत कुणाचे तरी डोहाळजेवण चाललेले असते. आमच्या प्रतीक्षाकक्षातही पूर्वी गर्भसंस्काराची ध्वनिफीत लावली जात असे. लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण ज्यांना गर्भच राहत नाही त्यांना ती ऐकायला लावणे किती क्रूर आहे हे पटवायला मला वर्षभर लागले. तेव्हा या टप्प्यावर स्वतःचे इअरफोन ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे. संगीत मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या आणि मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा. तसे न केल्यास आलापाच्या मध्येच बांधकामाच्या सिमेंटची जाहिरात येते, किंवा ‘झालं का?’ असा घरच्या ग्रुपवरचा संदेश टुणकन वाजतो. नवऱ्याचा फोन चालू असला म्हणजे निरोपांची सोय होते.

ओटीत शिरताना इअरफोन काढून ठेवावे लागतील आणि ते योग्यच आहे. तिथे तुमचे आणि तुमच्या पतीचे नाव विचारले जाते, फाइल क्रमांक पडताळला जातो आणि भ्रूणतज्ज्ञ तेच नाव पुन्हा उच्चारतात. हे भ्रूण तुमचेच आहे याची ती खातरजमा असते, आणि त्या क्षणी कानात काही असता कामा नये. नंतर डॉक्टर ‘आता हलू नका’, ‘खोकला दाबा’ अशा सूचना देतात. म्हणून ओटीत संगीत हवे असेल तर ते लहान स्पीकरवर, बोललेले सहज ऐकू येईल इतक्या हळू आवाजात, आणि नावांची पडताळणी संपल्यावरच सुरू करावे. सोनोग्राफीच्या पडद्यावर भ्रूण सोडताना एक पांढरा ठिपका चमकून जातो. काही जणींना तो पाहायचाच असतो, काहींना डोळे मिटून राहायचे असते. दोन्ही ठीक आहे आणि काय करणार हे आधी ठरवायची गरज नाही. काही डॉक्टरांना काम करताना पूर्ण शांतता लागते. तसे असेल तर आग्रह धरू नका, कारण त्या पाच मिनिटांत तुमच्या संगीतापेक्षा डॉक्टरांच्या हाताची स्थिरता महत्त्वाची आहे. महिनाभर सराव केलेली चाल मनातल्या मनात गुणगुणता येते आणि तिला कुणाचीही परवानगी लागत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे, तर निवड तुमची, लाडके गाणे वगळून; सराव आजपासून; भर प्रतीक्षेच्या वेळेवर आणि नावांच्या पडताळणीच्या वेळी कान मोकळे.

तुमच्या पतीचा उल्लेख प्रश्नात कुठेच नाही, म्हणून दोन वाक्ये त्यांच्याविषयी. पुरुषांची चिंता आमच्या क्षेत्रात फार उशिरा लक्षात आली. वीर्याचा नमुना द्यायच्या त्या लहानशा खोलीत, बाहेरच्या कॉरिडॉरमधील चपलांचे आवाज आणि सिस्टरची हाक ऐकत बसलेल्या माणसाला तुमच्याइतकेच कानात काहीतरी हवे असते. तुमच्या या चक्रात नमुना द्यायचा नसला तरी ट्रान्सफरच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तेच बसणार आहेत. एकच यादी दोघांनी ऐकावी असे नाही. त्यांना त्यांची वेगळी करू द्या.

ट्रान्सफरनंतर बीटाच्या, म्हणजे गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या, रक्त-तपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे हा सर्वांत अवघड काळ, आणि इथे संगीताचा उपयोग मला मर्यादित वाटतो. अर्ध्या तासाची भीती संगीत पेलते; 14 दिवसांची अनिश्चितता पेलायला माणसे, काम आणि झोप लागते. रात्री झोपताना तानपुरा लावून ठेवलात तर चांगलेच, पण दिवसभर कानात काहीतरी चालू ठेवून विचार बुडवण्याचा प्रयत्न करू नका. तो सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी उलटतो. झोप सलग कित्येक दिवस लागत नसेल, छाती धडधडून श्वास अडकल्यासारखे वारंवार होत असेल, उपचाराचे नाव काढताच रडू आवरत नसेल, तर ते संगीताच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि तिथे समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ हवा. वंध्यत्व-उपचारांविषयीच्या 2021 च्या कायद्याने जोडप्याला समुपदेशन देणे केंद्रांवर बंधनकारक केले आहे, तेव्हा ते मागताना आपण कुणाला त्रास देत आहोत असे वाटून घेऊ नका. जगणे नकोसे वाटावे असे विचार आले, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येते.

तुमच्या पुढच्या सोनोग्राफीला, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजून झाली आणि डॉक्टर फाइलमध्ये लिहू लागले, की दोन प्रश्न विचारा : ओटीत हळू आवाजात स्पीकर चालेल का, आणि पायांवर घ्यायला एक जादा ब्लँकेट मिळेल का. पहिल्याला नकार येऊ शकतो. दुसऱ्याला मी 17 वर्षांत कुणी नाही म्हटलेले ऐकलेले नाही, आणि मागच्या वेळच्या तुमच्या थरथरण्यात निम्मा वाटा त्या एसीचाच असेल असा माझा अंदाज आहे.